बाराव्या टेकचा पंचनामा

सावनीला स्वतःच्या आजीचा संशय यायला लागून त्या रविवारी बरोब्बर सोळा दिवस झाले. ज्या आजीनं मांडीवर बसवून सा लावायला शिकवलं तिचा संशय! पण मनात एकदा पाल चुकचुकली की ती काही मुहूर्त बघून गप्प बसत नाही.

त्यात त्या दिवशी आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. ज्योतीनगरच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून पिपं, बादल्या, कळश्या यांचीच वर्दळ होती. भानुमती पदर खोचून पाणी भरत होती आणि भरता भरता गुणगुणत होती. तेच, तिचं स्वतःचं गाणं.

कुणाची सायकल दारात गं, घंटी वाजते उरात गं.

चौऱ्याण्णव साली या गाण्याची कॅसेट निघाली आणि बघता बघता शहरातल्या गुलमंडीपासून पैठणपर्यंत एकही वरात त्याच्याशिवाय निघेनाशी झाली. आजही निघत नाही. बँडवाले ते न सांगता वाजवतात. कॅसेटच्या कव्हरवर तीन नावं होती. गीत नानासाहेब, संगीत अनंतराव, स्वर भानुमती. अनंतराव म्हणजे सावनीचे आजोबा, तहसीलमधले निवृत्त अव्वल कारकून. नानासाहेब त्यांचे पिशोरचे शेतकरी मित्र. नानासाहेबांनी आयुष्यात हे एकच गाणं लिहिलं, पुढं एक ओळही नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

आता मुंबईच्या एका कंपनीनं जुनं गाणं स्वच्छ करून आणि त्याच्या जोडीला सावनीच्या आवाजात नवं, असं दोन्ही बाजारात आणायचं ठरवलं होतं. येत्या शुक्रवारी. कामाचा सगळा भार नानासाहेबांच्या नातवावर, सार्थकवर. हा पठ्ठ्या सहा दिवस बिडकीनच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा आणि सातव्या दिवशी चितेगावच्या खोलीत गाणी. त्यानंच सोळा दिवसांपूर्वी सावनीला कानाला हेडफोन लावून दिला होता आणि म्हणाला होता, "सावनी, मुखडा ऐक. आता दुसरा अंतरा ऐक. आता मला खरं सांग, ही एकच बाई हाय का?"

एकच नव्हती.

दुसऱ्या अंतऱ्यातला आवाज जाडसर, मातीचा, श्वास न मोडता वर चढणारा. लोक सगळं गाणं नाचतात, पण थांबतात त्या अंतऱ्यासाठी. आणि आजी गेली एकतीस वर्षं गणपतीच्या मांडवात तो अंतरा आला की माईक प्रेक्षकांकडे करते. 'तुम्ही म्हणा' म्हणते. सावनीला हे लहानपणापासून आजीचं मोठेपण वाटत आलं होतं. आता आजीनं तो अंतरा स्वतः म्हटलेला एकदा तरी आठवतो का, हे ती शोधत होती.

कंपनीच्या फॉर्मवर मूळ गायिकेचं नाव लिहून, घरच्यांनी सही करून सोमवारी पाठवायचं होतं. खोट्या नावाखाली सही करून द्यायची, की आजीला चारचौघांत विचारायचं? दुसऱ्या मार्गाची सोय झाली ती हुरड्यामुळं. दर पौषात नानासाहेब आणि लक्ष्मीबाई शेतातला पहिला हुरडा घेऊन यायचे. हा रिवाज गाण्याच्याही आधीचा. ते अकरा वाजता आले, सोबत सार्थक, त्याच्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी.

भानुमतीनं ती पिशवी पाहिली आणि मग सावनीकडे पाहिलं.

"आज काम पण का रे, सार्थक? रविवारचं?"

"थोडंसंच, आज्जी," सार्थक म्हणाला. पण तो तिच्याकडे न बघता अनंतरावांकडे बघत होता, हे भानुमतीनं टिपलं.

*

चोराच्या मनात चांदणं असतं. भानुमतीच्या मनात तर गेले पंधरा दिवस पौर्णिमाच होती.

लोखंडी कपाटातलं स्पूल जागेवर नव्हतं. तिनं दोनदा बघितलं. मूळ गाणं ज्यावर रेकॉर्ड झालं ते टेपचं रीळ, समर्थनगरच्या जुन्या भाड्याच्या घरात, भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून केलेलं. कपाटाची किल्ली अनंतरावांच्या जानव्याला. म्हणजे नातीनं चोरलं नव्हतं. नवऱ्यानं दिलं होतं.

का दिलं असेल? एकतीस वर्षं या माणसानं तिला एका शब्दानं विचारलं नाही. आणि आता ऐंशीव्या वर्षी आरामखुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसला होता, त्या पेपरचं पान अर्ध्या तासात उलटलं नव्हतं.

लक्ष्मीबाई खाली सतरंजीवर बसून हुरडा पाखडत होती. सूप, फुंकर, पुन्हा सूप. तिच्याशी भानुमतीचं कधी भांडण झालं नाही. दरवर्षी साडी-चोळी, दरवर्षी हळदीकुंकू, आणि दरवर्षी ही बाई निघाली की भानुमतीला सुटल्यासारखं वाटायचं.

"आजी," सावनी म्हणाली, "कंपनीला मूळ गायिकेचं नाव हवंय. लिहू?"

"त्यात विचारायचं काय? कव्हरवर आहे ते लिही."

"दुसऱ्या अंतऱ्याचं पण?"

सुपाचा आवाज थांबला. नानासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. भानुमतीनं हे दोन्ही पाहिलं आणि हसली. हसायला तिला जमलं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"दुसरा अंतरा काय वेगळ्या गाण्याचा आहे? मला त्या दिवशी सर्दी होती. आवाज बसलेला. त्यामुळं जाडा लागला."

सार्थकनं हळूच लॅपटॉप उघडला. "आज्जी, सर्दीनं आवाज बसतो. असा चढत नाय."

"तुम्ही दोघं कधीपासून माझ्या गळ्याची तपासणी करताय?" आता तिचा आवाज चढला. "आणि सावनी, तू? याच्या खोलीवर जाऊन बसतेस चितेगावला, ते हे करायला? मला वाटत होतं दुसरंच काहीतरी शिजतंय. ते बरं होतं!"

"आजी, विषय बदलू नकोस."

"बरं मग, स्पूलच ऐका. त्यात तुझे आजोबा प्रत्येक टेकच्या आधी बोललेत, कोण हजर होतं ते."

हे ती बोलली आणि तिला वाटलं, जिंकले. अनंतरावांची ही खोड सगळ्या नातेवाइकांत चेष्टेचा विषय होती. तहसीलात पंचनामे लिहून लिहून त्यांना हजेरी लावल्याशिवाय कुठलंही काम सुरू करता यायचं नाही. गाण्याच्या टेकआधीसुद्धा ते माईकमध्ये तिथी, वार, वेळ आणि 'समक्ष हजर' म्हणून नावं वाचायचे. मुलाच्या बारशालाही वाचली होती.

"ऐकलं," सावनी म्हणाली. "अकरा टेकच्या आधी आहे. बाराव्याच्या आधी नाही. गाणं घेतलंय ते बारावं. तिथं बावीस सेकंद नुसती शांतता आहे. कुणीतरी पुसलंय."

"मग पुसलं असेल त्यांनी."

पेपर खाली आला. अनंतराव चष्म्यावरून बायकोकडे बघत होते. "मी लिहिलेलं पुसत नाही, भानू. नोकरीत पुसलं नाही."

घरातल्या घरात बाजू बदलायला एवढंच लागलं. इतकी वर्षं कुठं पाणी मुरतंय हे ज्याला माहीत होतं, तो माणूस आज भिंतीला हात लावून ओल दाखवत होता. भानुमतीला राग आला तो त्याचा. पुसायचंच होतं तर नीट का पुसलं नाही, असा स्वतःचाही आला.

*

नानासाहेबांना अंतऱ्यातला आवाज कुणाचा हे कुणी सांगायची गरज नव्हती. एकाच छपराखाली बावन्न वर्षं झाली होती. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात पिशोरला एका लग्नात पहिल्यांदा कॅसेट वाजली, आणि दुसरा अंतरा आला तेव्हा ते जेवणाच्या पंगतीत वाढत होते. हातातली भाजीची बादली त्यांनी तिथंच टेकवली होती. त्यांचे शब्द आणि तिचा गळा. त्यांना वाटलं होतं, आता आपण मेलो तरी चालेल.

पण ते तसं घरी बोलले नाहीत. कारण त्याच्या आधी, शिमग्याच्या सुमाराला, भानुवहिनी त्यांना समर्थनगरच्या फाटकात म्हणाल्या होत्या, "लक्ष्मीबाईंना तुमच्या नावाखाली नाव नकोय हो. त्यांनी निक्षून सांगितलंय. तुम्ही विषय काढू नका, अवघडतील."

तुमच्या नावाखाली नको. नानासाहेबांनी ते वाक्य गिळलं. मानी माणूस. आपण कविता करतो म्हणून ही गावात लाजते, असा त्यांनी अर्थ लावला. कवितांची वही गोठ्यात फळीवर टाकली ती पुन्हा उघडली नाही. आणि तिनंही त्या वर्षापासून गाणं सोडलं. हळदीला गायची नाही, जात्यावर गायची नाही. बायका म्हणायच्या, लक्ष्मीबाईला काय झालं? नानासाहेब मनाशी म्हणायचे, मला इचारू नका, तिला इचारा.

आता ते सुपाकडे बघत होते. तिचा हात सुपाच्या काठावर घट्ट झाला होता.

"सार्थक," ते म्हणाले, "बंद कर ते. ज्याला नाव नको, त्याचं नाव खोदून काढू नाय."

लक्ष्मीबाईनं झटकन मान वर केली. "कुणाला नको?"

नानासाहेबांनी चहाचा कप पुन्हा उचलला.

"मी काय इचारते? कुणाला नको नाव?"

"नाना, आज्जी, जरा थांबा," सार्थक म्हणाला. "बाराव्या टेकच्या सुरुवातीचं पुसलेलं हाय. पण गाणं संपल्यावर टेप बंद नाय केलेली. ते मी कालपर्यंत ऐकलंच नव्हतं. गाणं संपलं की सगळेच थांबतात ना." त्यानं अनंतरावांकडे पाहिलं. "आजोबा, लावू?"

"लाव," अनंतराव म्हणाले. "पंचनामा उघडला की बंद करावा लागतो. काम पुरं झालं तरच. अकरा टेक पुरे झाले नव्हते, म्हणून अकरा वेळा बंद केला नाही. बाराव्याला केला." आणि मग बायकोला, हळूच, "ते तुझ्या ध्यानात आलं नाही."

भानुमती वेताच्या मोढ्यावर बसली. आतल्या मोरीत बादली भरून वाहायला लागली होती, कुणी उठलं नाही.

आधी गाण्याचा शेवट आला. घंटीचा आवाज, मग पेटीचा भाता सोडल्याचा उसासा. मग एकोणपन्नास वर्षांचे अनंतराव, कोर्टात उभे असल्यासारखे:

"पौष शुद्ध पंचमी, रविवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. टेक बारावा पूर्ण. समक्ष हजर. अनंतराव, पेटीवर. सौभाग्यवती भानुमती, मुखडा आणि पहिला अंतरा. सौभाग्यवती लक्ष्मीबाई, मौजे पिशोर, तालुका कन्नड, दुसरा अंतरा. कोणाची तक्रार नाही. पंचनामा बंद."

मग हसण्याचा आवाज. एक तरुण बाई हसत होती, थांबत नव्हती.

"भाऊजी, माझं नाव छापसाल ना कव्हरवर? ह्यांच्या नावाच्या बरूबर खाली छापा. आन् ह्यांना सांगू नका बरं का. गव्हाला पाणी द्यायला थांबलेत, त्यांना काय ठाव नाय. छापून आलं की बघू द्या त्यांचं त्यांना."

आणि दुसरा आवाज, जरा बसलेला, सर्दीचा:

"छापू की. का नाही छापणार?"

सार्थकनं बटण दाबलं. खोलीत फक्त मोरीतलं पाणी वाहत राहिलं.

"ह्यांनी नाय म्हणलं," लक्ष्मीबाई म्हणाली. ती भानुमतीशी बोलत होती, पण बघत सुपात होती. "तुम्ही मला असंच सांगितलं, वहिनी. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला. नानासाहेब नको म्हणतात, बाईमाणसाचं नाव बाजारात नको म्हणतात."

"मी?" नानासाहेब उठून उभे राहिले. "मला कुणी इचारलं? कवा इचारलं? मला तर ह्या म्हणल्या, तुलाच माझ्या नावाखाली नाव नको!"

"मी कशाला असं म्हणंन?"

"तेच तर मला कळंना!"

"आन् तुम्ही मला इचारलं नाय?"

"तू मला इचारलं?"

सत्तरी ओलांडलेली ती दोन माणसं परक्याच्या दिवाणखान्यात एकमेकांकडे अशी बघत होती की सावनीला मान खाली घालावी लागली.

*

भानुमतीनं रडून दाखवलं नाही. तो तिचा स्वभाव नव्हता.

"मी आठ वर्षं रियाज केला होता," ती म्हणाली. "आठ वर्षं. पोरं निजली की तंबोरा. त्या दिवशी दुसरा अंतरा लागेना. एकदा नाही, अकरा वेळा. आणि ही हुरडा घेऊन आली, स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. हे म्हणाले, वहिनी, तुम्ही म्हणून बघता का? हिनं हात पदराला पुसले आणि म्हटलं. एकदाच. एका झटक्यात. आणि हे पेटीवरून माझ्याकडे बघायचे ते हिच्याकडे बघायला लागले."

"भानू," अनंतराव म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. तुम्ही कव्हरचं प्रूफ बघितलं होतंत. दोनच दिवसांनी छापायला गेलं. नाव नव्हतं. तुम्ही काय केलंत?"

अनंतरावांनी घडी घातलेला पेपर पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. "तू म्हणालीस, त्यांच्या घरातून नकार आहे. मला पटलं नाही. पण विचारलं असतं तर उत्तर नोंदवावं लागलं असतं. मी विचारलं नाही."

"आणि किल्ली?" सावनीनं विचारलं. "किल्ली आत्ता का दिलीत, आजोबा?"

"ऐंशी झालं मला. माझ्यामागं ते स्पूल कुणीतरी भंगारात दिलं असतं." ते नानासाहेबांकडे वळले, पण त्यांच्या डोळ्यांना डोळे भिडवू शकले नाहीत. "नाना, मी तुझा गुन्हेगार आहे."

"गुन्हा नंतर बघू," नानासाहेब म्हणाले. त्यांचा राग अजून कुणावर काढायचा हेच त्यांना सुचत नव्हतं. "लक्ष्मी, ऊठ. चल घरी."

लक्ष्मीबाई उठली नाही. तिनं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले. भानुमतीला ते हात पुसणं बघवेना.

"तो कागद कुठाय, सावने?"

सावनीनं फॉर्म काढून तिच्यापुढं ठेवला.

"मला नको. त्यांना दे." तिनं भानुमतीकडे बोट केलं. "त्यांच्या हातानं लिहू दे."

भानुमतीनं पेन घेतलं. स्वर, अशी रेघ होती आणि पुढं मोकळी जागा. तिनं आधी स्वतःचं नाव लिहायला घेतलं, भ काढला आणि थांबली. मग तिनं तो खोडला आणि लक्ष्मीबाई असं लिहिलं, मोठ्या अक्षरात, शाळेतल्या मुलीसारखं. मग विचारलं, "माझं लिहू?"

हा प्रश्न तिनं आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.

"लिहा की," लक्ष्मीबाई म्हणाली. "अकरा येळा तुम्हीच म्हणलंय. खोटं मी कशाला लिहायला सांगू?" आणि पदर खांद्यावर घेत, उभी राहत, "पुढल्या पौषात हुरडा येणार नाय पण. सांगून ठेवते."

भानुमतीनं मान हलवली. ती उठून मोरीत गेली आणि नळ बंद केला. दोन बादल्या पाणी वाया गेलं होतं.

*

पिशोरच्या वाटेवर फुलंब्री मागं पडलं. सार्थक गाडी चालवत होता, आरशातून मागं बघायचं टाळत होता. मागं दोघं दोन खिडक्यांना बसली होती, मधल्या जागेत हुरड्याची रिकामी पिशवी.

"शुक्रवारी येणार म्हणतात गाणं," नानासाहेब शेवटी म्हणाले. "सगळ्यांच्या फोनवर. तुझ्या नावानं."

"हं."

"माझ्या नावाखालीच येणार. तुला पाहिजे होतं तसं."

लक्ष्मीबाई बाहेर बघत होती. रस्त्याकडेच्या ज्वारीला कणसं धरली होती.

"एकतीस वर्षं," ती म्हणाली, "तुमच्या ताटात भाकर वाढली ती रागानं वाढली मी. रोज. थापतानाच राग यायचा."

नानासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"मला चवीत कळलं नाय," ते म्हणाले.

"कळायला पाहिजे होतं," लक्ष्मीबाई म्हणाली.